गुहागरची वर्गणी

आमच्या मागाच्या कारखान्यासमोरूनच जातो तो रस्ता.
विट्याच्या त्या पाटीवर बाण आहे,
आणि बाणाशेजारी : गुहागर.
बावीस वर्षं त्या पाटीखाली
मी रिक्षाची वाट बघितली.

भिशीतून दरमहा शंभर वेगळे काढले.
अकरा बायका, दोन वर्षं, एक ट्रॅव्हलर.
हिशेबाची वही माझ्याकडं.
बयाक्कानं बिसलेरीची रिकामी बाटली घेतली होती,
झाकणाला रबर गुंडाळून.
नातवाला समुद्र आणते म्हणाली होती.

कराडला पहाटेच्या चहाला कळलं :
कुंभार्ली बंद. परतीच्या पावसानं दरड आलीय.
पोपट ड्रायव्हर दाढी खाजवत म्हणाला,
"आज तर न्हाई उघडत."
शेवंता कपातली माशी काढत राहिली,
कप कधीचा रिकामा होता तरी.

मग मेहरून म्हणाली, "पाणीच बघायचंय न्हवं?
सांगलीला चला. माझं म्हायार हाय.
आमच्या माळ्यापतोर येऊन गेलंय पाणी,
वळखीचं हाय."

गणपतीपुढं दहाजणींनी हात जोडले.
मेहरून बाहेर चपला राखत बसली
आणि तेवढ्यात भडंगाचं दुकान हेरून आली.
लसूण करपायच्या जरा अलीकडं, मिरची जरा पलीकडं.
पुड्या घरी न्यायच्या म्हणून घेतल्या
आणि गाडीतच संपवल्या.
इंदूनं वाळूत घालायला घेतलेला गॉगल
आयर्विन पुलावर घातला.
फोटोत गॉगल, पूल,
आणि खाली म्हैस धुणारा एकजण, तोही हसतोय.

खानावळीत अख्खा मसूर, वर लाल तेलाची कड,
कृष्णाकाठची वांगी, देठासकट.
रोट्या मोजायचं मी तिसऱ्या फेरीला सोडलं.
मालक म्हणाला, "वऱ्हाड कुठलं? नवरी कुठाय?"
शेवंतानं बोट केलं बयाक्काकडं.
बयाक्का सत्तरीची. लाजली खरी.

हरिपूरला उन्हं कलली तेव्हा पोचलो.
मेहरून दाखवत होती, इथं पेवं होती,
जमिनीखाली हळद ठेवायचे, पोत्यांनी, वर्षानुवर्षं.
आम्ही पाय जपून टाकले,
कुणाला तरी जागं करू नये तसे.

संगमावर कृष्णा काळसर, वारणा तांबूस,
बराच वेळ शेजारी शेजारी चालतात, बोलत नाहीत.
नाव संतू अंबीची. दोन खेपा केल्या.
मी विचारलं, हे पाणी जातं कुठं?
"पूर्वेच्या समुद्राला," तो म्हणाला.
"कधी पोचतं?"
"कुणास ठाऊक. मी कुरुंदवाडच्या पुढं गेलो न्हाई."

तेव्हा बयाक्कानं बाटली बुडवून भरली
आणि पदराची गाठ सोडली.
गाठीत मीठ. खानावळीतलं, वाटीतलं.
कधी घेतलं, कुणी बघितलं नव्हतं.
तिनं बाटली हलवली, चाखली,
पुढं दिली. आम्ही सगळ्यांनी चाखली.
किती खारट असायला हवं,
अकराजणींत एकीलाही माहीत नव्हतं.

घाटावर पोपट तंबाखू मळत होता.
त्यानं गुहागरच्या खेपा केलेल्या, कैक.
घोट घेतला, थुंकला, डोळे मिटून विचार केला.
"अजून चिमूटभर," म्हणाला.

परतताना गाडीत मी वही उघडली.
डिझेल, भडंग, मसूर, नाव,
गणपतीपुढचा नारळ, मेहरूनच्या भावाच्या पोरांना खाऊ.
शंभराची एक नोट जास्त येत होती,
तीनदा बेरीज केली तरी.

विट्यात शिरलो तेव्हा अकरा वाजले होते.
हेडलाइटमध्ये पाटी आली,
बाण आमच्या पाठीमागं दाखवणारा.
बयाक्का बाटली मांडीवर धरून झोपली होती.
मेहरूनला ढेकर आली, लसणीची,
आणि इंदू अंधारातसुद्धा गॉगल काढेना.